शाळेतील विद्यार्थी आणि दिव्यांग व्यक्ती : वर्षभर चालणारा स्वयंसेवी उपक्रम कसा उभारावा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपुरातील विशेष शाळांच्या फाटकाशी इतर शाळांच्या बसगाड्या दिसू लागतात. ३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन असल्यामुळे त्या सुमारास फळवाटप होते, गाणी होतात, सर्वांचे एकत्र छायाचित्र निघते आणि दोन तासांत पाहुणे परततात. यजमान शाळेचे वेळापत्रक मात्र त्या आठवड्यात विस्कटलेले असते. फेब्रुवारीत परीक्षेत सांगितलेली उत्तरे लिहून देणारा लेखनिक हवा असतो किंवा जुलैत नव्या पुस्तकांचे वाचन करून हवे असते, तेव्हा त्या पाहुण्यांपैकी कोणाला विचारायचे हे तेथील शिक्षकांना ठाऊक नसते. हा मजकूर अशा मुख्याध्यापकांसाठी आणि शिक्षकांसाठी आहे ज्यांना भेटीऐवजी उपक्रम हवा आहे, म्हणजे काम दिव्यांग व्यक्तीने किंवा तिच्या संस्थेने सांगितलेले, वेळ ठरलेली आणि जोडी वर्षभर तीच.

आधी आपल्या शाळेकडे

बाहेरच्या संस्थेला फोन करण्यापूर्वी आपल्या हजेरीपटावर नजर टाकावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, १९९५ च्या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या सात प्रकारांची संख्या त्याने एकवीसवर नेली, आणि शासनमान्य व अनुदानित शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभावाविना प्रवेश द्यावा हे कलम १६ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे अध्ययन अक्षमता असलेला, अंधुक दृष्टीचा, श्रवणयंत्र वापरणारा किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एखादा विद्यार्थी बहुधा आपल्याच वर्गात बसलेला असतो. सिकलसेलचा समावेश या यादीत आहे ही गोष्ट विदर्भातील शिक्षकांनी विशेषत्वाने लक्षात ठेवावी, कारण हा आजार आपल्या भागात बराच आढळतो आणि बाहेरून दिसत नाही.

अशा विद्यार्थ्याला उपक्रमाचा लाभार्थी म्हणून वर्गासमोर उभे करू नये. त्याला आणि त्याच्या पालकांना खासगीत विचारून, तयारी असल्यास, नियोजन समितीत घ्यावे. चालण्यास अडचण असलेली मुलगी ध्वनिमुद्रणात इतरांपेक्षा सरस असू शकते, आणि अंधुक दृष्टीच्या मुलाला कोणत्या आकाराचे अक्षर वाचता येते हे त्याच्याखेरीज कोणी नीट सांगू शकत नाही. कायद्याच्या कलम ३९ मध्ये शाळा-महाविद्यालयांच्या पातळीवर दिव्यांगत्वाविषयी जाणीव निर्माण करण्याची तरतूद आहे, तिचा आधार शाळा व्यवस्थापन समितीसमोर प्रस्ताव ठेवताना घेता येतो.

वेळ कोठून काढायचा, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो. सीबीएसई शाळांना नववी ते बारावीसाठी ‘सेवा’ या नावाचा समाजोपयोगी कार्याचा भाग आधीच आहे. राज्य मंडळाच्या शाळांमध्ये पहिली ते आठवीसाठी २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ आहे, आणि कनिष्ठ महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास भरायचे असतात. नवा तास शोधत बसण्यापेक्षा या चौकटींत उपक्रम बसवावा. माझ्या मते नववीचा वर्ग यासाठी सर्वांत योग्य आहे. त्या वयाच्या मुलांकडे जबाबदारी सोपवता येते, दहावीचे दडपण अजून आलेले नसते आणि लेखनिकाच्या कामासाठीही तोच वर्ग उपयोगी पडतो.

संस्थेशी पहिले बोलणे

नागपुरात पर्यायांची वाण नाही. दक्षिण अंबाझरी मार्गावर अंध विद्यालय आहे, शंकरनगरात मूकबधिर विद्यालय आहे, कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघाचे समाजकार्य महाविद्यालय बजाजनगरात आहे, आणि पुनर्वसनाच्या सेवा देणारे केंद्र शासनाचे संयुक्त क्षेत्रीय केंद्रही शहरात आहे. मान्यताप्राप्त विशेष शाळांची माहिती जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण कार्यालयात विचारता येते. मोठ्या नावाच्या संस्थेकडे सगळेच जातात, म्हणून आपल्या शाळेपासून चालत किंवा एका मेट्रो प्रवासात गाठता येईल अशी लहान संस्था किंवा कार्यशाळा निवडणे अधिक शहाणपणाचे ठरते. दर शनिवारी बस भाड्याने घ्यावी लागली तर दिवाळीनंतर उपक्रम बंद पडतो, असाच बहुतेकांचा अनुभव असतो. वरोऱ्याच्या आनंदवनाला सहल नेणे ही चांगली गोष्ट आहे, बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये उभे केलेले ते काम मुलांनी अवश्य पाहावे. पण शंभरेक किलोमीटरवरची वर्षातील एक सहल म्हणजे स्वयंसेवा नव्हे, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे.

पहिल्या बैठकीला विद्यार्थी नेऊ नयेत. समन्वयक शिक्षकाने एकट्याने किंवा एका सहकाऱ्यासह जावे आणि आपली योजना मांडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : आपल्याकडे कोणते काम मनुष्यबळाअभावी राहून जाते, आठवड्यातील कोणती वेळ आपल्याला सोयीची आहे, आणि पूर्वीच्या पाहुण्यांच्या कोणत्या गोष्टींचा त्रास झाला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत उपयोगी असते. संस्थेत प्रौढ व्यक्ती असतील तर त्यांनाही हेच प्रश्न थेट विचारावेत, व्यवस्थापकांच्या तोंडून त्यांचे मत ऐकून समाधान मानू नये.

बोलणे झाल्यावर एक पानाचे पत्र दोन्ही शाळांनी सही करून ठेवावे. त्यात दिवस, वेळ, विद्यार्थ्यांची संख्या, दोन्ही बाजूंच्या जबाबदार शिक्षकांची नावे, सुट्टीच्या दिवशी कोण कोणाला कळवील आणि वस्तू किंवा देणगी आणायची की नाही, एवढे असले तरी पुरे. सुरुवात दहा-बारा विद्यार्थ्यांपासून करावी. चाळीस मुलांचा वर्ग एकदम नेला की त्याची भेटच होते.

परवानग्या आणि सुरक्षितता

येथे दोन्हीकडची मुले अल्पवयीन असतात, त्यामुळे कागदपत्रांचा कंटाळा करून चालणार नाही. प्रत्येक स्वयंसेवकाच्या पालकांचे लेखी संमतिपत्र घ्यावे आणि त्यात कामाचे स्वरूप, ठिकाण व परतण्याची वेळ लिहावी. प्रत्येक सत्रात आपल्या शाळेचे किमान दोन प्रौढ उपस्थित असावेत आणि विद्यार्थिनी असतील तर त्यांत एक शिक्षिका असावी. कोणताही विद्यार्थी, शिक्षक किंवा पाहुणा एखाद्या मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही, काम उघड्या दाराच्या वर्गात किंवा व्हरांड्यातच होईल, हा नियम अपवादाविना पाळावा. उचलणे, कपडे बदलणे, स्वच्छतागृहात नेणे ही कामे विद्यार्थ्यांना कधीही देऊ नयेत, ती प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचीच आहेत.

लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, तो विषय दोन संस्थांनी आपसात मिटवण्याचा नसतो. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती या उपक्रमाच्या पहिल्या बैठकीला हजर राहील असे पाहावे, आणि १०९८ हा बाल मदतवाहिनीचा क्रमांक मुलांना तोंडपाठ असावा.

छायाचित्रांबद्दल माझे मत कडक आहे. सत्रात मोबाइल समन्वयक शिक्षकाकडेच असावा आणि संबंधित व्यक्तीची, अल्पवयीन असल्यास पालकांची, लेखी परवानगी असल्याशिवाय एकही छायाचित्र शाळेच्या समूहावर जाऊ नये. बालगृहात राहणाऱ्या मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्यानेच मनाई आहे. वर्तमानपत्रात बातमी यावी अशी संस्थाचालकांची इच्छा असेल, तर आपल्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या वस्तूंचे किंवा आराखड्याचे छायाचित्र द्यावे.

परस्परांची वैयक्तिक मोबाइल क्रमांकांची देवाणघेवाणही शिक्षकांमार्फतच व्हावी. मैत्री झाल्यावर मुले क्रमांक देणारच, पण निदान पालकांना त्याची कल्पना असली पाहिजे.

पहिल्या भेटीआधीची तयारी

दोन तासांची दोन सत्रे पुरतात, परंतु ती शिक्षकाने फळ्यावर घेऊ नयेत. शक्य असेल तेथे दिव्यांग व्यक्तीलाच बोलवावे आणि तिच्या वेळेचे मानधन द्यावे. व्याख्यात्यांची निवड करताना शाळांना विजेते हवे असतात. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करत असतानाच २०१७ मध्ये मेक्सिकोतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या कांचनमाला पांडे यांच्यासारख्यांना ऐकणे मुलांना निश्चितच आवडेल. तरीही रोज बसने कचेरीत जाणारी, घरभाडे भरणारी, संध्याकाळी बर्डीवर खरेदी करणारी अंध व्यक्ती जे सांगते ते या कामाला अधिक उपयोगी पडते. पदकाची गोष्ट ऐकून टाळ्या वाजवता येतात, पण रस्ता ओलांडताना हात कसा द्यायचा हे त्यातून कळत नाही.

अंध व्यक्तीशी बोलताना आधी आपले नाव सांगावे : ‘दादा, मी नववीचा रोहन, मदत हवी आहे का?’ होकार मिळाल्यावर त्यांचा हात पकडून ओढू नये, आपला कोपर पुढे करावा. ते कोपराच्या वर हलकेच धरतात आणि अर्धे पाऊल मागे राहून चालतात, त्यामुळे आपल्या शरीराच्या हालचालीवरून त्यांना वळण आणि पायरी समजते. पायरी आली की थांबून ‘पायरी वर’ किंवा ‘पायरी खाली’ असे सांगावे, ‘सांभाळा’ या शब्दाने काहीच कळत नाही. खुर्चीजवळ आल्यावर त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून द्यावा. आणि निघताना ‘मी जातो’ असे म्हणावे, नाहीतर समोरची व्यक्ती रिकाम्या जागेशी बोलत राहते.

कर्णबधिर मित्राचे लक्ष वेधण्यासाठी खांद्याला हलकेच स्पर्श करावा किंवा समोरून हात हलवावा. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण मागून उजेड आला की चेहरा काळोखा दिसतो आणि ओठांची हालचाल वाचता येत नाही. ओरडून बोलल्याने ओठांचा आकार बिघडतो. सोबत दुभाषी असला तरी पाहावे आणि बोलावे त्या मुलाकडेच.

चाकाची खुर्ची ही वापरणाऱ्याच्या शरीराचाच भाग समजावी. तिला टेकून उभे राहू नये, विचारल्याशिवाय ढकलू नये, आणि तीव्र उतारावरून नेताना ती उलटी, म्हणजे आपली पाठ उताराकडे ठेवून, हळूहळू उतरवावी. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या व्यक्तीचे वाक्य आपण पूर्ण करू नये, वेळ लागला तरी थांबावे, आणि न समजल्यास समजल्याचे सोंग न करता पुन्हा विचारावे. बौद्धिक अक्षमता असलेल्या तीस वर्षांच्या गृहस्थांना ‘बाळा’ म्हणण्याची सवय मोठ्यांना असते आणि मुले तीच उचलतात. त्यांच्यासाठी ते ‘भाऊ’ किंवा ‘काकाजी’ आहेत, हे आधीच ठरवून द्यावे. स्वमग्न मुलासोबत काम करायचे असल्यास गोंगाट, अचानक स्पर्श आणि वेळापत्रकातील बदल यांपैकी काय टाळायचे ते त्याच्या विशेष शिक्षकांकडून समजून घ्यावे, कारण एका मुलाला चालणारी गोष्ट दुसऱ्याला असह्य होऊ शकते.

अपस्माराचा झटका (फिट) आल्यास काय करावे हे प्रत्येकाला माहीत हवे. व्यक्तीला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. कांदा, चप्पल किंवा चमचा यांपैकी काहीही नाकाशी वा तोंडात धरू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर १०८ वर फोन करावा. ही माहिती घरीही सांगा, असे मुलांना सांगावे, कारण कांद्याचा उपाय अजून पुष्कळ घरांत चालतो.

डोळ्यांना पट्टी बांधून चालण्याचा खेळ अनेक ठिकाणी तयारीचा भाग म्हणून घेतला जातो. तो मी टाळतो. पट्टी बांधलेल्या मुलाला पाच मिनिटांत भीती तेवढी कळते, वर्षानुवर्षांच्या सरावाने अंध व्यक्ती काय काय करू शकते हे कळत नाही, आणि पट्टी सोडताना त्याच्या मनात कीव उरते.

लेखनिक : सर्वांत गरजेचे काम

लिहिण्यास असमर्थ असलेल्या परीक्षार्थीला लेखनिक घेण्याची आणि वाढीव वेळेची मुभा असते. तासाला किमान २० मिनिटे या हिशेबाने तीन तासांची पत्रिका चार तासांची होते. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतील असावा लागतो, त्यामुळे दहावीच्या परीक्षार्थीसाठी नववीचा विद्यार्थी चालतो. परवानगीची कागदपत्रे परीक्षार्थीच्या शाळेमार्फत नागपूर विभागीय मंडळाकडे जातात, म्हणून नावे डिसेंबरमध्येच निश्चित करावीत आणि प्रत्येक परीक्षार्थीमागे एक राखीव लेखनिकही तयार ठेवावा. नेमक्या पेपरच्या दिवशी ताप येणे ही नवलाची गोष्ट नाही.

दहावीचे बोर्डाचे पेपर फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत चालतात आणि त्याच काळात नववीचे वर्ग व वार्षिक परीक्षेची तयारी सुरू असते. लेखनिकाची हजेरी धरली जाईल आणि बुडालेला अभ्यास भरून दिला जाईल, असे मुख्याध्यापकांनी पालकांना लेखी सांगितले तर नकार कमी येतात.

सराव ऑक्टोबरपासून, त्याच जोडीने, जुन्या प्रश्नपत्रिकांवर व्हावा. लेखनिकाने प्रश्न गुणांसह आणि पर्यायांसह जसाच्या तसा वाचायचा, आवाजातून कोणताही इशारा द्यायचा नाही, आणि सांगितलेले तेवढेच लिहायचे. उत्तर चुकीचे वाटले तरी गप्प राहणे चांगल्या मुलांना सर्वांत अवघड जाते, त्यासाठी मुद्दाम चुकीचे उत्तर सांगून सराव घ्यावा. गणितात आणखी एक अडचण असते. ‘ए अधिक बी चा वर्ग’ असे सांगितले तर वर्ग एकट्या ‘बी’चा की संपूर्ण कंसाचा, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून ‘कंस सुरू’, ‘कंस पूर्ण’, ‘छेदात’, ‘घातांक’ असे शब्द जोडीने आपसात पक्के करावेत. भूमितीच्या आकृतीचे वर्णन कोणत्या क्रमाने करायचे, तेही ठरवून घ्यावे. प्रत्येक उत्तरानंतर ते एकदा वाचून दाखवणे आणि दर अर्ध्या तासाने वेळ सांगणे ही लेखनिकाची सवय झाली पाहिजे. वाचन, लेखन आणि थांबणे यांचा वेग जुळायला पाच-सहा पूर्ण पत्रिका तरी लागतात, त्यामुळे आदल्या आठवड्यात शोधलेला लेखनिक कितीही हुशार असला तरी परीक्षार्थीचे गुण कमी करतो.

वाचन, टंकलेखन आणि ध्वनिमुद्रण

अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करण्याचा उत्साह शाळांमध्ये असतो, पण सुरुवात करण्यापूर्वी त्यांना काय हवे ते विचारावे. वरच्या वर्गातील अनेक अंध विद्यार्थी मोबाइलवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, वापरतात आणि दुप्पट वेगाने ऐकतात. त्यांना आपल्या मुलांच्या आवाजापेक्षा स्वच्छ टंकलिखित मजकूर अधिक सोयीचा वाटतो. हा मजकूर युनिकोडमध्येच टंकलेला असला पाहिजे. जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल किंवा वहीचे स्कॅन केलेले पान डोळ्यांना ठीक दिसते, स्क्रीन रीडर मात्र ते वाचू शकत नाही. शिक्षकांच्या हस्तलिखित टिपणांचे युनिकोड टंकलेखन हे घरी बसून, आठवड्याला एक तास देऊन करता येण्याजोगे काम आहे आणि त्याची मागणी कायम असते.

ध्वनिमुद्रणच हवे असेल तर एका पाठाची एक फाइल करावी आणि सुरुवातीला पुस्तकाचे नाव, पाठाचा क्रमांक व पृष्ठक्रमांक सांगावा. तक्ता वाचताना आधी रकान्यांची शीर्षके आणि मग एकेक ओळ घ्यावी, नकाशाचे वर्णन दिशांसह करावे, आणि नाटकी आवाज टाळावा. मुद्रण सकाळी, ग्रंथालयाच्या खोलीत, पंखा बंद करून करावे. मार्चनंतर नागपुरात कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलरचा आवाज प्रत्येक शब्दामागे येत राहतो, म्हणून हे काम फेब्रुवारीपर्यंत उरकलेले बरे. दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करण्यास प्रताधिकार कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे, पण ती त्यांच्या वापरापुरती आणि नफ्याविना. त्या फाइल्स यूट्यूबवर सर्वांसाठी टाकू नयेत.

एकत्र करण्याची इतर कामे

मूकबधिर विद्यालयाबरोबर काम करताना भूमिका उलटी ठेवून पाहावी. तेथील विद्यार्थी आपल्या मुलांना भारतीय सांकेतिक भाषा शिकवतील आणि आपली मुले त्यांच्यासोबत मराठी वाचन-लेखनाचा सराव करतील. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा चित्रफितींचा कोश महाजालावर उपलब्ध आहे, त्याचा गृहपाठासाठी उपयोग होतो. तथापि स्थानिक मुलांची खूण कोशातील खुणेपेक्षा वेगळी असली, तर त्यांचीच वापरावी. बाके वर्तुळात मांडावीत, म्हणजे सर्वांना सर्वांचे हात दिसतात.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत नागपूरकरांना तान्ह्या पोळ्याइतका चांगला प्रसंग शोधून सापडणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन मुले निघतात. त्याआधीचे दोन शनिवार बैल रंगवणे, झूल शिवणे, घुंगरू ओवणे यांत सहज जातात, आणि या कामात ज्याचा हात चांगला तो पुढे असतो, मग तो कोणत्याही शाळेचा असो. मोठ्या मुलांच्या कार्यशाळेत पणत्या, पाकिटे, राख्या बनत असतील तर विक्रीसाठी आपल्या शाळेत मांडव द्यावा. मात्र गल्ल्यावर कार्यशाळेतील व्यक्तीच बसावी, आपला विद्यार्थी शेजारी हिशेब पडताळायला असावा. सुटे पैसे मोजण्याचा खरा सराव तेथेच होतो.

चाकाची खुर्ची किंवा कुबड्या वापरणारी एखादी प्रौढ व्यक्ती तयार असेल, तर तिच्या नेतृत्वाखाली परिसराची पाहणी करावी. उतरणीचे प्रमाण एकास बारा हवे, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. टेप घेऊन पोस्ट, बँक, दवाखाना, आपली शाळा आणि मंगल कार्यालय मोजले की भूमितीचा धडाही होतो. मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहे, जमिनीवर पिवळ्या स्पर्शपट्ट्या आहेत. सीताबर्डीहून शंकरनगरपर्यंतचा प्रवास सोपा वाटतो, आणि खरी परीक्षा स्थानकाबाहेर पदपथावर लावलेल्या गाड्यांपाशी सुरू होते. मोजमापांचा अहवाल छायाचित्रांसह महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात त्या प्रौढ व्यक्तीच्या सहीने द्यावा आणि पोच घ्यावी.

वर्षाची आखणी

विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतात. जुलै हा परवानग्या आणि तयारीचा महिना धरावा, पहिली भेट ऑगस्टमध्ये ठेवावी. नियमित सत्र पंधरवड्यातून एकदा, दीड तासाचे पुरे. दर आठवड्याला जाण्याचा संकल्प चाचणी परीक्षेपर्यंतच टिकतो. १५ ऑक्टोबरचा पांढरी काठी दिन किंवा ४ जानेवारीचा ब्रेल दिन आपल्या शाळेच्या परिपाठात साजरा करावा, त्या दिवशी यजमान संस्थेत गर्दी करू नये. ३ डिसेंबरलाही हेच धोरण ठेवावे. शिवाय डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन असले की मोर्चे आणि बंद रस्ते यांमुळे सिव्हिल लाइन्स, सीताबर्डीकडे वेळेवर पोहोचण्याची खात्री नसते, तेव्हा त्या काळातील सत्र आधीच पुढे ढकलून कळवावे. स्नेहसंमेलनात विशेष शाळेच्या मुलांना नृत्यासाठी बोलावण्याआधी त्यांना प्रेक्षक म्हणून पहिल्या रांगेत बसायला आवडेल का, हेही विचारून पाहावे.

अधूनमधून गळती होणारच. एखाद्या मुलाला काम जमत नसेल तर त्याला टंकलेखनाकडे वळवावे, पण जोडीदाराला न सांगता त्याला गायब होऊ देऊ नये. पुढच्या वेळी कोण येणार हे ज्या मुलाला आधीच सांगितले आहे, त्याला बदलही आधीच सांगितला पाहिजे. भेटवस्तूंची अडचण पालकांकडून येते. वाढदिवसाचा केक, जुने कपडे, उरलेले जेवण पाठवण्याची इच्छा चांगली असली तरी संस्थेच्या व्यवस्थापकांना विचारल्याशिवाय काहीही नेऊ नये, आणि जोडीतील एकाने दुसऱ्याला सतत देत राहणे टाळावे.

नोंदी साध्या ठेवाव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रानंतर पाच ओळी लिहाव्यात : काय केले, काय अडले, जोडीदाराने पुढच्या वेळेसाठी काय सांगितले. ‘मला काय शिकायला मिळाले’ हा निबंध घेऊ नये, त्यात सगळे एकसारखे लिहितात. शालेय सत्राच्या शेवटी यजमान संस्थेतील मुलांचे आणि प्रौढांचे मत वेगळ्या बैठकीत, आपले विद्यार्थी नसताना घ्यावे, आणि उपक्रम पुढे चालू ठेवायचा की नाही याचा पहिला कौल त्यांचा मानावा. प्रमाणपत्र द्यायचेच असेल तर दोघांच्या नावाने द्यावे, कारण सांकेतिक भाषा शिकवणाऱ्या मुलानेही तितकेच तास दिलेले असतात.

एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षा आटोपताच, नववीच्या जुन्या स्वयंसेवकांनी आठवीच्या नव्या मुलांना सोबत नेऊन एका सत्रात ओळख करून द्यावी. लेखनिकांची यादी, ध्वनिमुद्रित पाठांची सूची आणि संस्थेबरोबरचे पत्र एका फाइलमध्ये घालून समन्वयक शिक्षकांनी मुख्याध्यापकांकडे द्यावे, आणि त्या शिक्षकांची बदली झाली तर जुलैतील पहिला फोन कोण करणार, त्याचे नाव त्याच फाइलच्या वरच्या पानावर लिहून ठेवावे.